धरलेलं सोडणं : 'गिव्ह अप' समजून घेताना

सकाळी साडेसातला फोनवर एक निरोप आला. माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येणाऱ्या एका बाईंचा. त्या औषधांच्या दुकानात काम करतात, पस्तिशी उलटल्यावर पुन्हा वही उघडून बसल्या आहेत, आणि रोज एक तरी वाक्य इंग्रजीत लिहून पाठवायचं असा त्यांनी नेम धरला आहे. त्या दिवशीचं वाक्य होतं : 'आय गेव्ह अप माय सन ॲट स्कूल.' त्यांना सांगायचं होतं, मुलाला शाळेत सोडलं आणि आता कामाला निघाले. पण इंग्रजी वाचणाऱ्याच्या काळजात चर्र व्हावं असं ते वाक्य झालं होतं. आपलं मूल दुसऱ्याला दत्तक देऊन टाकताना, त्याच्यावरचा हक्क सोडताना इंग्रजीत 'गिव्ह अप' म्हणतात.

चूक आळसातून झालेली नव्हती. संध्याकाळी त्यांची वही पाहिली. सुवाच्य अक्षरात एका ओळीवर लिहिलं होतं, 'गिव्ह अप = सोडणे'. वरच्या ओळीवर 'गिव्ह इन', खालच्या ओळीवर 'गो ऑन'. 'अप', 'इन', 'ऑन' असा छोटा शब्द मागे लागलेली ही क्रियापदं, म्हणजे फ्रेजल व्हर्ब, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अशीच शिकवली जातात. डावीकडे इंग्रजी, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे एक मराठी शब्द. परीक्षेपुरतं त्यावर भागतंही. खरी अडचण त्या बरोबरच्या चिन्हात आहे, कारण 'सोडणे' हा मराठीतला एक शब्द नाहीच, तो शब्दांचा अख्खा वाडा आहे.

जरा आठवून पाहा. मुलाला शाळेत सोडतो. गर्दी असली की एक लोकल सोडतो. धरणातून पाणी सोडतात, रात्री कुत्रा सोडतात, दुकानदार वरचे पाच रुपये सोडतो. केस मोकळे सोडतात. कोडं सोडवतात, तोही याच घरातला. एकादशीला धरलेला उपवास द्वादशीला सोडतात. नोकरी सोडतात, गाव सोडतात, तंबाखू सोडतात, आशा सोडतात, शेवटी प्राण सोडतात. यातल्या प्रत्येकाला इंग्रजीत वेगळं क्रियापद लागतं. मुलाला 'ड्रॉप' करायचं, लोकल 'लेट गो' करायची, पाणी 'रिलीज' करायचं. उपवास तर 'ब्रेक' करायचा. तिथे कुणी 'आय गेव्ह अप माय फास्ट' म्हणालं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की उपवास झेपला नाही, मध्येच मोडला. द्वादशीच्या पारण्याचं सगळं पुण्य त्या एका शब्दात वाहून गेलं.

मग 'गिव्ह अप' यातल्या कोणत्या 'सोडण्या'साठी? त्या बाईंना मी जी खूण सांगितली तीच इथे सांगते. आधी विचारायचं, ही गोष्ट धरलेली होती का? हाताने नव्हे, मनाने, सवयीने, हक्काने, कष्टाने. नोकरी धरलेली असते. तंबाखूने माणसाला आणि माणसाने तंबाखूला धरलेलं असतं. आशा धरतात, हट्ट धरतात, नेम धरतात. या धरलेल्या गोष्टीवरची पकड सैल झाली, ती गोष्ट आपली राहिली नाही, की 'गिव्ह अप'. लोकल आपण धरलेली नव्हती, ती समोरून गेली. कुत्र्याची साखळी सोडली, कुत्र्यावरचा हक्क सोडला नाही. मुलगा दुपारी परत घरी येणार आहे.

या शब्दाच्या अगदी जुन्या नोंदींतही हीच पकड दिसते. इंग्लंडमध्ये पीटरबरोच्या मठातले साधू वर्षावर्षाची हकिगत लिहून ठेवत. १२ व्या शतकाच्या मध्यावर, राजा स्टीफनच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना त्यांनी नोंदवलं आहे की राजाने काही बिशपांना पकडून कैदेत टाकलं, आणि त्यांनी आपापले किल्ले सोडेपर्यंत तिथेच ठेवलं. तिथे आपलं हे 'गिव्ह अप' आहे. त्या मजकुरात क्रियापदाचा उच्चार 'य'ने सुरू होतो, कारण जुन्या इंग्रजीत 'गिव्ह' तसंच म्हणत असत. आजचा 'ग' हा स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या बोलीने दिलेला आहे. शब्दाचा उच्चार बदलला, पण कल्पना जवळजवळ नऊशे वर्षं तीच राहिली. बळाने म्हणा, तहाने म्हणा, ताब्यातली वस्तू दुसऱ्याच्या हवाली करणं.

किल्ला हा शब्द आला की मराठी माणसाला १६६५ आठवल्याशिवाय राहत नाही, आणि 'गिव्ह अप' शिकवायला त्याहून चांगला धडा मला मिळालेला नाही. त्या वर्षी जूनमध्ये मिर्झाराजे जयसिंगांशी पुरंदरचा तह झाला. शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले, १२ स्वतःकडे ठेवले. हे इंग्रजीत सांगायचं तर वाक्य होईल, 'शिवाजी गेव्ह अप ट्वेन्टी-थ्री फोर्ट्स.' वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं की कुणी तरी अस्वस्थ होतंच. 'गेव्ह अप' म्हणजे हार मानली ना? मग मी पुढचे दोन शब्द पुसते. राहतं, 'शिवाजी गेव्ह अप.' आता मात्र खरोखर तसा अर्थ झाला, आणि तो इतिहासाला धरून नाही. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगड परत घेतला गेला, त्याच वर्षी पुरंदरही आला. किल्ले सोडले होते, प्रयत्न सोडला नव्हता.

सगळं त्या पुसलेल्या दोन शब्दांत आहे. क्रियापदाला कर्म असेल, तर त्या कर्मापुरतंच सोडलं. किल्ले, नोकरी, साखर, अनुदान. कर्म नसेल, तर सोडला तो झगडा, उमेद सोडली. मराठीत यासाठी आपण निराळे शब्दच वापरतो : हरलो, हात टेकले, माघार घेतली. मुलं कोडी घालतात तेव्हा पाहा. 'येतंय का? नाही ना? हरलास?' समोरचा डोकं खाजवतो, आणखी एक उत्तर ठोकून बघतो आणि मग म्हणतो, 'हरलो, सांग आता.' इंग्लंडमधलं पोर याच क्षणी 'आय गिव्ह अप' म्हणतं. यात दुःख नाही, लाज नाही, डाव पुढे नेण्याची ती पद्धत आहे. हेच दोन शब्द परीक्षेला तिसऱ्यांदा बसून नापास झालेल्या मुलाच्या तोंडून येतात तेव्हा मात्र त्यांचं वजन वेगळं असतं. शब्दकोशात दोन्ही एकाच ओळीत बसतात. आवाजावरून आणि प्रसंगावरूनच ते वेगळे कळतात.

फ्रेजल व्हर्ब परक्यांना अवघड जातात, हे इंग्रजांच्याही केव्हाच ध्यानात आलं होतं. सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ साली निघाला, त्याच्या प्रस्तावनेत त्याने क्रियापदामागे लागणाऱ्या या चिमुकल्या शब्दांची दखल घेतली आहे. परदेशी माणसाची सर्वांत मोठी अडचण इथे होते, असं त्याचं म्हणणं. उदाहरणं देताना त्याने 'गिव्ह ओव्हर' हेही दिलं आहे, थांबणं या अर्थाने. आज तिथे आपण बहुधा 'गिव्ह अप' म्हणू. गंमत म्हणजे या प्रकाराला धड नाव मिळायला आणखी १७० वर्षं गेली. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ याच्या १९२५ च्या पुस्तकातून रूढ झालं, आणि ते आपल्याला ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा एक संपादक हेन्री ब्रॅडली याने सुचवलं, असं स्मिथने तिथेच सांगून टाकलं आहे.

जॉन्सनचं म्हणणं खरं असलं तरी मराठी माणसाला मी थोडी वेगळी गोष्ट सांगते. हा प्रकार तुम्हाला परका नाही. शाळेत आपण संयुक्त क्रियापद शिकलो. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत काय फरक आहे? दुसऱ्यात कुणी काही टाकत नाही. 'टाक'मुळे फक्त एवढंच कळतं की ताटात काही शिल्लक ठेवू नकोस. इंग्रजीत हेच काम 'अप' करतो : 'ईट' आणि 'ईट अप'. 'वापर' आणि 'वापरून टाक' म्हणजे 'यूज' आणि 'यूज अप'. 'बोललो' आणि 'बोलून बसलो' यांतला पश्चात्ताप फक्त 'बसलो'मध्ये आहे, आणि बोलणारा तर उभाच होता! 'सोडून दिलं' यात कुणाला काही दिलेलं नसतं, तरी 'देणे' आहे. आता नीट पाहा, 'गिव्ह अप'मध्येही 'देणे'च आहे. दोन भाषांनी हजारो मैलांच्या अंतरावर एकच युक्ती केली. हातातली वस्तू जाते, तिला 'देणं' म्हटलं. 'सोडलं' आणि 'सोडून दिलं' यांतला बारीक फरक ज्याच्या कानाला कळतो, त्याला 'गिव्ह अप'ची भीती वाटायचं कारण नाही. घरचीच भांडी आहेत, फक्त फळीवर वेगळ्या जागी ठेवलेली.

आता सर्वांत जास्त होणारी चूक, आणि तिच्यावरचा उपायही मराठीतच आहे. 'त्याने सिगारेट ओढणं सोडलं' हे लिहिताना हात आपोआप 'ही गेव्ह अप टू स्मोक' असं लिहितो. बरोबर आहे ते 'ही गेव्ह अप स्मोकिंग'. 'अप'नंतर 'इंग'वालं रूप, असा नियम पाठ करून तो ऐनवेळी निसटतो. त्यापेक्षा आपलं वाक्य ऐका. आपण 'ओढणं सोडलं' म्हणतो, 'ओढायला सोडलं' म्हणत नाही. आपलं 'णं' तेच इंग्रजीचं 'इंग'. आणि आपलं 'आयला' बरेचदा इंग्रजीचं 'टू'. दोन्ही एकाच वाक्यात आली की फरक लख्ख दिसतो : 'शेती करणं सोडलं' आणि 'शेती करायला नोकरी सोडली'. पहिल्यात शेती गेली, दुसऱ्यात शेती आली. इंग्रजीत पहिलं 'गेव्ह अप फार्मिंग', दुसरं 'गेव्ह अप हिज जॉब टू फार्म'. माझ्या वर्गात एक निवृत्त लिपिक होते, त्यांनी हे ऐकलं आणि वहीत 'णं म्हणजे इंग' एवढंच लिहून त्याभोवती चौकट काढली. त्यानंतर त्यांच्याकडून ही चूक झालेली मला आठवत नाही.

दुसरी अडचण 'इट'च्या जागेची. 'नोकरी सोडली' हे 'गेव्ह अप द जॉब' किंवा 'गेव्ह द जॉब अप' असं दोन्ही चालतं. पण नोकरीच्या जागी 'ती' आली, सर्वनाम आलं, की त्याने मध्येच बसायचं : 'गेव्ह इट अप'. 'गेव्ह अप इट' कधीही नाही. हे लक्षात ठेवायला भारतात कुणाला पुस्तक उघडायची गरज नाही. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने स्वयंपाकाच्या गॅसचं अनुदान ज्यांना परवडतं त्यांनी आपणहून सोडावं अशी मोहीम सुरू केली, तिचं नावच 'गिव्ह इट अप'. पुढच्या वर्षापर्यंत एक कोटीहून जास्त ग्राहकांनी अनुदान सोडलं. नावाचे हे तीन शब्द तेव्हा टीव्हीवर, फलकांवर, वर्तमानपत्रांत सगळीकडे होते. त्या तीन शब्दांत व्याकरणाचा नियम आहे आणि अर्थही नेमका आहे. अनुदान हा हक्क होता, धरलेला होता, कुणी काढून घेतला नाही, आपण सोडला. आपल्या मराठीत याला फार सुंदर शब्द आहे, 'हक्कावर पाणी सोडणे'. दान देताना हातावरून पाणी सोडायचं, म्हणजे वस्तू आपली राहिली नाही. त्याच घरातला 'तुळशीपत्र ठेवणे'. 'गिव्ह अप'ला 'सोडणे' एवढाच प्रतिशब्द देणाऱ्या यादीत हे दोन का नसतात, याची मला नेहमी हळहळ वाटते.

बोलताना 'गिव्ह', 'इट', 'अप' असे तीन तुकडे कुणी करत नाही. ते 'गिव्हिटप' असं एका दमात येतं, आणि जोर शेवटच्या 'अप'वर पडतो. इंग्रजी चित्रपट पाहताना हा शब्द कानावरून निघून जातो तो यामुळेच. आपण तीन शब्दांची वाट बघत असतो आणि येतो एकच. वर्गात मी हे दहा वेळा मोठ्याने म्हणून घेते. म्हणताना जमू लागलं की ऐकताना कळू लागतं. एका जागी मात्र सावध राहायला हवं. रंगमंचावर निवेदक एखाद्या कलाकाराचं नाव घेऊन 'गिव्ह इट अप फॉर' म्हणाला, तर तो काही सोडायला सांगत नाही. तो टाळ्या मागतो आहे. ही अमेरिकी धाटणी आहे, आणि तिकडे मुलांकडे गेलेले आपले आईवडील पहिल्या कार्यक्रमात तिथे हमखास गोंधळतात.

'गिव्ह अप'मागे 'ऑन' लागला की मामला माणसांचा होतो. 'शी गेव्ह अप ऑन हिम' म्हणजे तिने त्याचा नाद सोडला, त्याच्याकडून काही होईल ही आशा सोडली. त्याला सोडून ती गेलेली असेलच असं नाही. एकाच घरात राहून, रोज ताट वाढूनही कुणी कुणावर 'गिव्ह अप ऑन' करू शकतं. मराठीतलं 'त्याच्यापुढे हात टेकले' याच्या जवळचं. आणि 'ऑन' काढून टाकला, 'शी गेव्ह हिम अप' म्हटलं, तर अर्थ पार फिरतो : तिने त्याला सोडलं, किंवा त्याला पोलिसांच्या हवाली केलं. एका छोट्या शब्दाने केवढं अंतर पडतं! 'गेव्ह हिमसेल्फ अप' म्हणजे तो स्वतःच शरण आला, गुन्ह्यांच्या बातम्यांत हे नेहमी भेटेल. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला आपली जागा देणं हेही 'गिव्ह अप'. आपण तिथे 'जागा दिली' म्हणतो, इंग्रज 'गेव्ह अप हिज सीट' म्हणतो, म्हणजे देण्यासोबत उठून उभं राहण्याचा त्यागही त्यात धरतो.

आता वहीतल्या वरच्या ओळीवरचं 'गिव्ह इन'. २९ ऑक्टोबर १९४१ ला, युद्ध ऐन भरात असताना, विन्स्टन चर्चिल आपल्या जुन्या शाळेत, हॅरोमध्ये बोलायला गेले होते. त्या भाषणातलं त्यांचं वचन म्हणून 'कधीही गिव्ह अप करू नका' असं फलकांवर छापलेलं सगळीकडे दिसतं. पण ते तिथे म्हणाले होते 'गिव्ह इन'. फरक मोठा आहे. 'गिव्ह इन'ला समोर कुणी तरी लागतं, दाब टाकणारं, हट्ट करणारं. त्याच्यापुढे नमतं घेणं म्हणजे 'गिव्ह इन'. दुकानात मुलाने लोळण घेतली आणि खेळणं घेऊन दिलं, तर आईने 'गिव्ह इन' केलं. 'गिव्ह अप'ला समोर कुणी नसलं तरी चालतं. एकटा माणूस रात्री गणित सोडवत बसून 'गिव्ह अप' करू शकतो. समोर हिटलर उभा असताना चर्चिल यांच्या तोंडी 'गिव्ह इन' हाच शब्द योग्य होता. आणि त्याच वाक्यात त्यांनी एक अपवादही ठेवला होता : सन्मान आणि शहाणपण यांच्यापुढे मात्र नमायला हरकत नाही. फलकांवर तो अपवाद सहसा नसतो.

पाश्चात्त्य देशांत वसंताच्या सुमारास एक प्रश्न हमखास कानावर येतो : 'व्हॉट आर यू गिव्हिंग अप फॉर लेंट?' लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. कुणी चॉकलेट सोडतं, कुणी दारू, कुणी मांस. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती वाचकांना हे सांगायला नको, आणि बाकीच्यांनीही ते फार लांबचं समजू नये. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो, कितीतरी घरांतून कांदा, लसूण, वांगी बंद होतात. ते इंग्रजीत सांगायला 'गिव्ह अप'च. 'शी हॅज गिव्हन अप ऑनियन्स फॉर चातुर्मास.' तो 'फॉर' विसरू नये, नाहीतर कांदा कायमचा गेला असं होईल.

कायमचं सोडणंही आपल्याकडे आहे. काशीला जाऊन आलेली माणसं तिथे एखादं फळ, एखादी भाजी सोडून येतात. माझ्या आजीने पेरू सोडला होता. परड्यात पेरूचं झाड होतं, आणि आम्ही मुलं मीठ-तिखट लावून पेरू खात असू तेव्हा ती पायरीवर बसून आम्हाला फोडी करून द्यायची, बोटाला लागलेला रसही पदराला पुसायची. शेजारच्या एका काकूंनी काशीला कारलं सोडलं होतं. ते त्यांना मुळातच आवडत नव्हतं आणि त्यांच्या पानात ते कधी पडलंही नव्हतं. आजी त्याला 'सोडलं' म्हणायला तयार नसायची. इंग्रजीही म्हणणार नाही. काकूंसाठी इंग्रजीत साधं 'शी डझन्ट ईट इट' पुरे आहे. आजीने मात्र 'गेव्ह इट अप', आणि भाद्रपदात पेरू पिकायला लागले की घरभर सुटणाऱ्या त्या वासात, ती गेली त्या वर्षापर्यंत.